चिकन आणि भाजीची तुलना: आधी वजनकाटा, मग तक्ता

‘पालकात चिकनपेक्षा जास्त लोह असतं’ हे खरं आहे. ‘पालकातून चिकनपेक्षा जास्त लोह मिळतं’ हे मात्र त्यावरून ठरत नाही. ‘असतं’ आणि ‘मिळतं’ यांत बरंच काही घडतं: निवडताना काड्या जातात, हाडं ताटात उरतात, कढईत पाणी आटतं, तेल वाढतं, आणि पोटात गेलेल्यापैकी थोडंच अंगी लागतं. तुलना करायची तर हे सगळे टप्पे मोजावे लागतात.

लागणारं सामान थोडं आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटक तक्ते. त्यात आपल्याकडच्या 528 पदार्थांची मोजणी आहे. हे तक्ते वापरताना दोन गोष्टींत फसायला होतं. पहिली म्हणजे त्यातले आकडे कच्च्या आणि खाण्याजोग्या 100 ग्रॅमचे आहेत. दुसरी, ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. पालकापुढे शंभरच्या आसपासचा आकडा दिसला की लोक त्याला कॅलरी समजतात. 4.184 ने भागा, म्हणजे 24 किलोकॅलरी येतील (बोलताना आपण त्यालाच नुसतं ‘कॅलरी’ म्हणतो).

कशाची तुलना कशाशी?

‘व्हेज विरुद्ध नॉनव्हेज’ म्हणताना पनीर, तूर, राजमा, सोयाबीन सगळं भाजीच्या बाजूला जाऊन बसतं. ती शाकाहाराची तुलना झाली, भाजीची नव्हे. इथे भाजी म्हणजे पालेभाजी, फळभाजी, शेंगा, कंद. मटार मधेच कुठेतरी येतो. त्याच्या दाण्यात 100 ग्रॅममागे 5 ते 7 ग्रॅम प्रथिनं असतात, बहुतेक भाज्यांत 1 ते 4.

चिकनच्या बाजूलाही ‘चिकन’ एवढंच लिहून भागत नाही. कातडी काढलेल्या कच्च्या छातीच्या मांसात 100 ग्रॅममागे 22 ते 23 ग्रॅम प्रथिनं आणि 2 ते 3 ग्रॅम चरबी असते. मांडीत प्रथिनं 19-20 ग्रॅम आणि चरबी थोडी जास्त; पण लोह आणि जस्तही छातीपेक्षा जास्त, म्हणून तर लेग पीसचं मांस गडद दिसतं. कातडीसकट अख्खी कोंबडी घेतली तर चरबी 15 ग्रॅमच्या घरात जाते. दुकानदार ‘स्किन ठेवू का काढू?’ विचारतो तेव्हाच हा फरक ठरतो.

ताटात येणारं वजन काढा

कातडी काढलेलं एक किलो करी कट घेतलं की हाडं वगळून साधारण 650 ग्रॅम मांस हाती येतं. शिजल्यावर त्यातलं पाणी जाऊन वजन आणखी पाव भागाने उतरतं. प्रथिनं मात्र पाण्याबरोबर जात नाहीत (रश्शात उतरतात ती थोडीच, आणि रस्सा आपण पितोच), त्यामुळे शिजलेल्या 100 ग्रॅम छातीत 30-31 ग्रॅम प्रथिनं दिसतात. एकाने शिजलेल्या चिकनचा आकडा धरला आणि दुसऱ्याने कच्च्या पालकाचा, तर भांडण मिटायचंच नाही. दोन्ही कच्चं धरा. तेच सोपं पडतं.

मेथीची जुडी निवडून झाल्यावर पानांचं वजन करा, जुडीचं नको. बाजारातून आणलेल्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास काडी आणि मुळं म्हणून जातं. जुडी ओली असेल तर पाणीही मोजलं जातं, म्हणून धुण्याआधी निवडा आणि तेव्हाच वजन करा. फ्लॉवरचा दांडा, मटाराची टरफलं, शेवग्याच्या शेंगेची साल यांनाही हाच न्याय.

सर्वांत मोठी फसवणूक वाळलेल्या पदार्थांची. शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीत 100 ग्रॅममागे 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, ‘चिकनपेक्षा जास्त’ असा मेसेज फिरतो. पण पावडर खायची चमचाभर, म्हणजे फार तर 3-4 ग्रॅम. त्यातून प्रथिनं येतात एक ग्रॅमपेक्षा जास्त नाहीत. पाणी काढून टाकलं की बरेच पाले कच्च्या चिकनला हरवतात.

कॅलरीमागे मोजायचं असेल तर

‘कॅलरीमागे ब्रोकोलीत चिकनपेक्षा जास्त प्रथिनं’ हे विधान हातानेच तपासून बघा. ब्रोकोलीच्या 100 ग्रॅममध्ये 34 कॅलरी आणि 2.8 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे 100 कॅलरीमागे 8 ग्रॅम. कातडी काढलेल्या छातीत 120 कॅलरीमागे साडेबावीस, म्हणजे 100 कॅलरीमागे 18-19 ग्रॅम. दावा साफ चुकीचा. पालक 12 ग्रॅमपर्यंत पोचतो, पण त्यासाठी निवडलेला 400 ग्रॅमहून जास्त पालक एकट्याने खावा लागेल. कॅलरीमागे हिशेब वजन कमी करणाऱ्यांना उपयोगी असतो. घरच्या जेवणासाठी वाढीमागे हिशेब बरा.

एका जेवणाचा हिशेब

चार माणसांचं चिकन: 650 ग्रॅम मांस, सरासरी 100 ग्रॅममागे 20 ग्रॅम प्रथिनं धरून एकूण 130, माणशी 32 ग्रॅम. पासष्ट किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला साधारण 54 ग्रॅम लागतात (वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम), म्हणजे निम्म्याहून जास्त एका जेवणात. मांसाच्या कॅलरी सुमारे 780. आता कढईत बघा: चार टेबलस्पून तेल म्हणजे 480 कॅलरी, वाटणातलं 50 ग्रॅम सुकं खोबरं म्हणजे 330. दोन्ही मिळून 810. कांदा-मसाला सोडला तरी रश्शातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी कोंबडीच्या नाहीतच. ‘चिकन जड पडतं’ म्हणताना बऱ्याचदा वाटण जड पडलेलं असतं.

भाजीचंही तसंच. भरल्या वांग्यातलं शेंगदाण्याचं कूट वगळलं तर प्रथिनं नावापुरतीच उरतात, आणि वांगं तेल पितं ते वेगळं. कूट किती घातलं ते लिहून ठेवा: 25 ग्रॅममागे 6 ग्रॅम प्रथिनं आणि 140 कॅलरी.

आता चार माणसांची मेथी: निवडलेली 250 ग्रॅम पानं. 100 ग्रॅममागे प्रथिनं साडेतीनच्या थोडी वर, लोह साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास. माणशी प्रथिनं दोन-सव्वादोन ग्रॅम, लोह साडेतीन मिलिग्रॅम. त्याच पंगतीतल्या चिकनमधून माणशी लोह येतं 1 ते 1.4 मिलिग्रॅम. कागदावर मेथी तिपटीने पुढे.

पण भाजीतल्या लोहापैकी शरीर साधारण 5 ते 10 टक्के घेतं, मांसातल्या लोहाचं शोषण 15 टक्के किंवा जास्तही होतं. मग दोन्हीकडून अंगी लागणारं लोह जवळपास सारखंच, मिलिग्रॅमच्या दोन-तीन दशांशांइतकं! हे आकडे ढोबळ आहेत. ज्याच्या अंगात लोह कमी त्याचं शोषण जास्त होतं. तरी ‘अ‍ॅनिमिया आहे, चिकन खा’ या सल्ल्यात कलेजी सोडली तर फारसा जोर नाही, हे त्यातून दिसतं.

भाजीतलं लोह वाढवून घ्यायचं तर गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा; क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून आधी पिळून तेवढा उपयोग नाही. जेवणाला लागून चहा नको, तासभर जाऊ द्या. लोखंडी कढई चांगली, आंबट पदार्थाला तर जास्तच लोह देते, पण शिजलेलं त्यातच ठेवू नका. आणि मांसाबरोबर खाल्ल्यास भाजीतल्या लोहाचं शोषण सुधारतं. पालक-चिकन हा मेळ नुसता चवीचा नाही.

कॅल्शियमच्या रकान्यावर लगेच विश्वास नको

पालकात 100 ग्रॅममागे 80 ते 100 मिलिग्रॅम कॅल्शियम लिहिलेलं असतं, चिकनमध्ये दहा-पंधरा. पण पालकातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते बांधून ठेवतं, आणि जेमतेम 5 टक्के शोषलं जातं. अळूने घशाला खाज सुटते ती याच ऑक्झलेटच्या सुयांमुळे. म्हणून फदफद्यात चिंच. कॅल्शियमसाठी मेथी किंवा मुळ्याचा पाला धरा. माठातही कॅल्शियम भरपूर, पण ऑक्झलेटही आहे.

जिथे तुलनाच होत नाही

चिकनमध्ये चोथा शून्य, कच्चं असो की शिजलेलं. गवारीत किंवा शेवग्याच्या शेंगेत 100 ग्रॅममागे 5 ग्रॅमच्या आसपास. क जीवनसत्त्वही शिजलेल्या चिकनमध्ये धरू नका. उलट बी-12 कुठल्याच भाजीत मोजण्याजोगं नाही. मशरूमचं नाव घेतलं जातं, पण त्यावर विसंबून चालत नाही. चिकनमध्येही छातीत ते थोडंच, अंड्यात आणि कलेजीत जास्त. गाजर-भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटीनला (शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं) फोडणीतलं चमचाभर तेल लागतं. नुसतं उकडलेलं गाजर खाणारे तेवढ्यावर पाणी सोडतात.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली की क जीवनसत्त्व आणि फोलेट (हेही एक जीवनसत्त्व) पाण्यात जातं. ते पाणी ओतलं की तक्त्यातला आकडाही ओतला.

पैशाचा हिशेब

किलोचा भाव खाण्याजोग्या वजनाने भागा. करी कट 650 ने, बोनलेस 1000 ने. बोनलेस बरंच महाग दिसतं, पण हाडांचं वजन वजा केलं की तफावत पुष्कळ आटते. गावरान आणि ब्रॉयलर यांच्या भावातला फरक प्रथिनांत शोधू नका, तिथे तो फार थोडा आहे. पैसे चवीचे आणि चिवटपणाचे.

कलेजी या सगळ्यांत स्वस्त आणि भरगच्च: 100 ग्रॅममागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास लोह, फोलेट आणि बी-12 भरपूर. मात्र अ जीवनसत्त्व इतकं असतं की गरोदर बाईला ती देऊ नये. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, पण रोजचं प्रमाण एकसारखं ठेवावं लागतं. एक आठवडा काहीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज जुडी, असं केलं की गोळीचा डोस चुकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दोन्ही बाजूंचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, चिकनचं प्रथिनांसाठी आणि भाजीचं पोटॅशियमसाठी.