हॅमस्टर घरी आणताय? आधी हात आवरायला शिका

पिंजरा, चाक, पाण्याची बाटली मांडून ठेवूनच दुकानात जा. मीटरभर लांबीचा जुना फिश टँक आणि वर जाळी, एवढं पुरतं. टिंबर मार्केटमधून पोतंभर भुसा फुकटात आणायचा विचार सोडा; त्यात धूळ असते, प्लायवूडचा गोंद असतो. कागदी बेडिंग, म्हणजे तळाशी अंथरायचा कागदाचा चुरा, वीतभर जाड पसरा. सीरियन जातीच्या हॅमस्टरला चाक साधारण 28 सेंटिमीटर व्यासाचं लागतं. छोट्या चाकात पळून त्याची पाठ वाकते.

‘जोडी न्या, एकट्याला करमत नाही,’ असं दुकानदार हमखास सांगतो. साफ खोटं. सीरियन हॅमस्टर वयात आला की त्याला दुसरा खपत नाही आणि भांडणात एखादा जिवानिशी जातो.

आणायचा तो ऊन उतरल्यावर. पुठ्ठ्याचा खोका तो सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्येच कुरतडेल, म्हणून भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा न्या. रिक्षात बसा, डबा मांडीवर. स्कूटरच्या डिकीत अजिबात नाही. गणपती आणि दिवाळीत तर आणूच नका. ढोल-ताशे आणि फटाके त्याला सोसत नाहीत.

आता अवघड भाग: हात न लावणं. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. पोरांना धीर नसतो, शेजारचे ‘बघू, बघू’ करत येतात, आणि कुणीतरी शहाणा सांगतो की पहिल्याच दिवशी हातात घेतलं की सवय होते. होते, चावायची. त्याची नजर अधू असते, तो वासावर जग ओळखतो. तुमच्या घरात एकही ओळखीचा वास नसतो. म्हणून दुकानातलं मूठभर जुनं बेडिंग मागून घ्या आणि नव्या पिंजऱ्यात टाका. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घारच.

पहिले दोन-तीन दिवस फक्त दाणा-पाणी. टीव्हीशेजारी नको, पंख्याखाली नको. दिवसा तो झोपतो; ‘बाहेरच येत नाही’ म्हणून घरकुल उचलून बघू नका, दचकून चावेल आणि दोष त्याच्यावर जाईल. मग तुमच्या हाताचा वास लागलेला साधा टिश्यू पेपर आत टाका. तो फाडून घरट्यात नेला, की पुढचं पाऊल. रात्री नऊ-दहानंतर तो उठला, की तळहात तळाशी टेकवून त्यावर सूर्यफुलाचं एक बी ठेवा. हात हलवू नका, बोलायचं तर हळू. आधी मिशा थरथरतात, मग पुढचे दोन पाय हातावर येतात, बी गालात जातं आणि स्वारी पसार. हे रोज करा. पूर्ण चढून निवांत बसेपर्यंत उचलायचं नाही, मग आठवडा लागो की तीन. उचलाल तेव्हाही जमिनीवर बसूनच. कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी हाड मोडतं.

घरट्यासाठी दुकानात मिळणारा मऊ कापूस घेऊ नका, धागे पायात अडकतात. अंघोळ घालू नका, वाटीभर कोरडी वाळू ठेवा.

जानेवारीच्या थंडीत तो गारठून निपचित पडला तर मेला समजून पुरू नका. उबदार खोलीत न्या, हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

शेपटीखाली ओलं दिसलं, जुलाब झाले, तर ‘उद्या बघू’ नाही. कोवळ्या पिल्लाला हे एक-दोन दिवसांत संपवतं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हॅमस्टर तपासत नाहीत, तेव्हा तपासणारा कोण आणि रविवारी भेटतो का, हे पिल्लू आणायच्या आधीच विचारून ठेवा.