लगीनसराई संपली की रान: जांबोटी-भीमगडकडे फोटो काढताना

माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात छोटा स्टुडिओ आहे. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त बंद, ते थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत. म्हणजे चार महिने पासपोर्ट साईज, झेरॉक्स आणि लॅमिनेशन. त्याच चार महिन्यांत जांबोटी-कणकुंबीकडे धुकं उतरतं, म्हणून सोमवारी शटर ओढून मी तिकडे जातो. वाघाचा एकही फोटो माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना तोच हवा त्यांनी दांडेलीची जीप बघावी. दिसेलच असं तिथंही कुणी लिहून देत नाही.

आपल्याकडचं रान कसं आहे ते आधी डोक्यात बसवा, कारण फोटोचा निम्मा हिशेब त्यातच आहे. भीमगड अभयारण्य खानापूर तालुक्यात, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं, २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालेलं. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. म्हादई देगावच्या बाजूला उगवते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. म्हणजे आपण उभे असतो ते घराच्या आढ्यावर. समुद्रावरची ओली हवा पश्चिमेकडून घाट चढते आणि कड्यावर आली की तिचं धुकं होतं. चोर्ला घाटाच्या बाजूला समोरचा हात दिसत नसतो, तेव्हा जांबोटीला बरेचदा स्वच्छ असतं. एके ठिकाणी जमलं नाही तर पंधरा-वीस किलोमीटर मागं या, हवामानच बदललेलं असतं. शिवाय घाटाच्या कड्यांची तोंडं पश्चिमेला. सकाळी त्या दऱ्या सावलीत निळ्या पडलेल्या असतात, ऊन त्यांच्यावर दुपारनंतरच येतं. कड्यांचा फोटो संध्याकाळी काढायचा, सकाळ झाडापाखरांसाठी ठेवायची.

परवानगीचं थोडक्यात. अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय शिरायचं नाही, आतल्या भीमगड किल्ल्यावर जायचं असलं तरी नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. मला शेजारचे मास्तर लिहून देतात. पावसात धबधब्यांकडे जायला बरेचदा बंदी असते, ती पाळा. ड्रोन घरीच ठेवा. आणि खरं सांगायचं तर अभयारण्याच्या बाहेर, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर, गावच्या देवराईजवळ मिळतं तेवढंच मला आयुष्यभर पुरेल.

आता धुकं. धुक्यात कॅमेरा हमखास फसतो. समोरचं सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो फोटो काळवंडून टाकतो. लग्नात हे रोजचंच आहे: पांढऱ्या मांडवाच्या पडद्यासमोर नवरी उभी केली की चेहरा काळा येतो. उपाय तोच, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड हातानं कमीजास्त करायची सोय, अधिक एक, कधी सव्वा-दीड. फोटो काढल्यावर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. आलेखाचा डोंगर उजवीकडे सरकलेला हवा, पण भिंतीला चिकटलेला नको. ऑटोफोकस धुक्यात चाचपडत पुढंमागं करत बसतो. त्याला एखाद्या काळ्या खोडाची कड दाखवा, नाहीतर सरळ मॅन्युअलवर जा आणि स्क्रीनवर मोठं करून जुळवा. फाईल रॉच, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्चीच, ठेवा.

आणि मग घरी येऊन संगणकावर ती धुकं काढायची पट्टी शेवटपर्यंत ओढू नका. एवढं पेट्रोल जाळून धुक्यात जायचं आणि घरी बसून तेच पुसायचं, हे मला कधी कळलेलं नाही.

धुक्याच्या फोटोला तीन पदर लागतात. एक झाड जवळ, ठसठशीत; दुसरं मागं, फिकट; तिसरं असून नसल्यासारखं. तिन्ही एकमेकांवर चढली की काळा गोळा होतो, म्हणून दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे सरकून त्यांच्यामध्ये फट करून घ्या. माणूस मिळाला तर सोनं. भाताची लावणी चालू असते, इरली आता कमी झाली, प्लास्टिकच्या खोळी आल्या. लोक म्हणतात प्लास्टिकनं फोटो बिघडतो. आमटे गावाच्या पुढं एकदा सगळं शिवार राखाडी होतं आणि वाकलेल्या सहा बायकांत एकीचीच खोळ निळी होती. त्या फोटोला दुसरं काहीच लागलं नाही. फक्त आधी बांधावरून हाक मारून विचारा. "काढा की, पर चिखलातलं पाय नको," असं उत्तर येतं, ते ऐका.

ओलीपासून सामान वाचवणं हा वेगळाच धंदा आहे. पावसाळ्यात आपल्याकडे लेन्सला बुरशी धरायला एक हंगाम पुरतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील पण ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ, एवढं घ्याच. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. जेलच्या गोळ्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. बाहेर पावसात कॅमेऱ्यावर साधी जाड पिशवी, पुढं लेन्सच्या हूडला रबर, आणि खिशात धुवून मऊ पडलेल्या पंचाचे दोन तुकडे. जळवांसाठी मोज्यांवर निपाणीची तंबाखू चोळतो. चोळून झालं की हात धुवा, नाहीतर तोच हात डोळ्याला लागतो आणि सकाळ रडण्यात जाते.

लेन्स टेकवायला ट्रायपॉडपेक्षा मला पिशवी बरी वाटते. जुन्या जीन्सचा पाय कापून शिंप्याकडून दोन्ही तोंडं शिवून घ्यायची, आत धान्य भरायचं, गाडीच्या खिडकीवर किंवा बांधावर ठेवायची, वर लेन्स. दगडासारखी बसते. पहिल्या वर्षी मी शाळू भरला होता. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डिकी उघडली तर आंबट वास आणि शिवणीतून वर आलेले पांढरे कोंब. तेव्हापासून पावसाळ्यात आत थर्माकोलचे बारीक मणी, आणि दिवाळीनंतर तांदूळ.

प्राण्या-पाखरांचं माझं तंत्र एका वाक्याचं आहे: हिंडायचं नाही, फळलेलं झाड शोधायचं आणि त्याच्यासमोर बसायचं. उंबर, नांद्रुक, वड, पायर. ही झाडं सगळी एकदम फळत नाहीत, एक इथं पिकलं तर दुसरं तिथं महिन्याभरानं. म्हणून वर्षभर कुठंतरी पंगत चालूच असते. कुठं चालू आहे ते इंटरनेटवर नसतं, गुरं राखणाऱ्या माणसाला माहीत असतं. मला कणकुंबीकडच्या एका गावातले मामा सांगतात. नात्यातले नाहीत, पण मामाच.

गेल्या साली मार्चात त्यांचा फोन आला, "नांद्रुक पिकलंय बघ, माकडं उठू देईनात." साडेसहाला पोचलो. सकाळी झाडाच्या पूर्वेला बसायचं, म्हणजे सूर्य पाठीमागं आणि ऊन झाडावर. अंगावर मळका शर्ट, फोन बंद, कॅमेऱ्याचा टीक-टीक आवाज बंद. हा आवाज बंद करायला विसरल्यामुळे मी एकदा शेकरू घालवलं आहे. पहिला तासभर फक्त हरियल. पानांच्याच रंगाचे, हलले की कळायचं. मग तांबट, मग कुटुर्गे, मग शेकरू आलं, मागचे पाय फांदीत अडकवून उलटं लटकलं आणि दोन्ही हातांनी फळ धरून खायला लागलं. मामा जाताजाता थांबून म्हणाले, "पाटेपास्नं बसलायस, खाल्लास काय काय तरी?"

सव्वाआठला धनेश आला. आधी ऐकू येतो; पंखांचा आवाज असा की कुणीतरी लांबून भाता ओढतंय. मोठा धनेश, पिवळी चोच, वर ते शिंगासारखं टोपण. आता नीट लक्ष द्या. धनेश चोचीच्या टोकानं फळ तोडतो, पण ते तिथूनच गिळता येत नाही. मग तो मान झटकून फळ हवेत उडवतो आणि घशात झेलतो. फोटो तो आहे. शटर एक-दोनहजारांश, छिद्र ५.६, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. मागं पांढरं आकाश असेल तर अधिक एक, नाहीतर पाखराचा कोळसा होतो. फोकस एका बिंदूवर, डोळ्यावर. पानं मध्ये येतात तिथं कॅमेऱ्याच्या हुशारीवर सोडू नका. मान मागं गेली की बोट दाबायचं, फळ दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. त्या दिवशी मी साठेक वेळा दाबलं आणि तीन फोटोंत फळ हवेत आलं.

त्याच्या आदल्या वर्षी हाच प्रसंग मी हातचा घालवला होता. एसी गाडीतून थंड कॅमेरा काढून तसाच उकाड्यात उचलला, काचेवर वाफ धरली. धनेश वीस पावलांवर होता आणि मला पांढरं पटल दिसत होतं. पुसलं की पुन्हा धरायचं. तेव्हापासून पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद आणि काचा खाली.

लेन्सचं विचाराल तर माझी सुरुवात लग्नाच्याच ७०-२०० नं झाली. तिला दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर लावला की २.८ ची ५.६ होते आणि लांबी चारशे. शेकरू, गवा, माकडं यांना पुरते. लहान पाखरांना नाही पुरत, तर नका काढू लहान पाखरं.

गवा म्हणजे काळा सूट आणि पांढरे मोजे घातलेला नवरदेव. धुक्याच्या उलटं गणित: कॅमेरा काळ्याला राखाडी करायला जातो, म्हणून उणे दोन-तृतीयांश ते एक. मोज्यांचा पांढरा फुटून कोरा झाला नाही ना, ते बघा. हेम्माडगा रस्त्याला पहाटे दिसतात. इंजिन बंद, दार उघडायचं नाही, गाडी हेच मचाण. गवा तुमच्याकडे तोंड करून बघतोय तोवर ठीक. तो आडवा झाला, पाठीचा उंचवटा दाखवत ताठ पावलं टाकायला लागला, तर तो पोज देत नाही, दम देतोय. निघा. अस्वलाच्या बाबतीत तर पायी असताना फोटो हा विषयच नाही. आमच्या तालुक्यात अस्वलानं फाडलेली माणसं आहेत.

पावसाळ्यात चोर्ल्याच्या बाजूला मलबारी चापडा हा साप मिळतो. हिरवा, तपकिरी, पिवळा, तऱ्हेतऱ्हेचा. विषारी आहे, पण एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसतो, त्यामुळं नवख्याला धीरानं शिकायला चांगला. मॅक्रो असेल तर शंभरची घ्या, त्याच्या डोळ्याच्या उंचीला या, दोन-एक मीटर लांबूनच. काठीनं फांदी वळवणारे, पान बाजूला करणारे बघितलेत मी. त्याला त्या पानाआड बसायचं होतं म्हणूनच तो तिथं बसला होता.

दोन ठिकाणी कॅमेरा काढूच नये असं माझं मत आहे. एक, धनेशाची ढोली. मादी आत बसते, तोंड लिंपून घेते, फटीएवढी जागा ठेवते आणि नर बाहेरून भरवतो. खाली माणसं उभी दिसली की नर ढोलीकडे यायचं टाळतो आणि आत उपास. बाळंतिणीच्या खोलीत मी कधी कॅमेरा घेऊन शिरलो नाही, मग इथं का शिरू? दुसरं, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा. तिथल्या वटवाघळाची जात १९१३ साली याच गुहांतल्या नमुन्यांवरून जगाला कळली, पुढं कित्येक दशकं दुसरीकडे कुठं सापडली नव्हती, नंतर मेघालय आणि कंबोडियात मिळाली. झोपलेल्या थव्यावर फ्लॅश मारून आपल्याला काय मिळणार? कॅमेऱ्यातलं जागेची नोंद करणारं जीपीएसही बंद ठेवा, फोटो फिरतो तेव्हा पत्ता बरोबर जातो.

नांद्रुकावरच्या त्या तीन फोटोंतला एक मी बारा बाय अठरा छापून मामांना नेऊन दिला. कागद चांगला, फ्रेमसुद्धा केली. त्यांनी ती उजेडात धरली, लांब केली, जवळ केली. "पाखरू झ्याक आलंय," म्हणाले. मग विचारलं, "ह्यात झाड कुठं हाय आमचं?"

झाड नव्हतंच. चारशेच्या लेन्समध्ये फांदीचा वीतभर तुकडा आणि मागं सगळं विरघळलेलं. पुढच्या सोमवारी पुन्हा गेलो, कॅमेऱ्याला लग्नातल्या ग्रुप फोटोची २४-७० लावली, पिशवीवर टेकवली, छिद्र ८, आणि अर्ध्या शेतावरून अख्खं नांद्रुक घेतलं; खाली गोठा, मागं कड्याची रेघ. धनेश त्यात आहे, डावीकडे वरच्या फांदीवर, तांदळाच्या दाण्याएवढा. घरी आलेल्या माणसाला मामा बोट ठेवून दाखवतात.