डिसेंबरात जोडीनं दिल्लीला जाताय? या चुका टाळा

आम्ही नाशिकचे. निफाडचा पारा पाच-सहावर आला की द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो पेपरात येतात, ते बघत लहानाचे मोठे झालो. त्यामुळे दिल्लीच्या थंडीचं कोणी कौतुक सांगायला लागलं की माझा नवरा हसायचा. "सात डिग्री? त्यात आमचा दूधवाला हाफ पँटवर येतो." डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस रजा टाकून आम्ही दोघं गेलो आणि दुसऱ्याच दिवशी हुमायूनच्या कबरीसमोर उभं राहून त्यानं माझी शाल मागितली. दुपारी दोन वाजता.

दुपारी दोन, गोम इथेच आहे. आपल्याकडचे सहा अंश पहाटेचे असतात. दहा वाजले की ऊन चटचट लागायला लागतं आणि स्वेटर कमरेला बांधला जातो. दिल्लीत धुकं किंवा ढग हटले नाहीत तर किमान सात आणि कमाल तेरा-चौदा, म्हणजे दिवसभर एकच पहाट. हवामान खात्यानं त्याला 'शीत दिवस' असं नावच ठेवलंय. रात्रीचं तापमान दहाच्या खाली आणि दिवसाचं कमाल तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी, असा त्याचा हिशोब. म्हणून निघण्याआधी अंदाज बघताना किमान आकडा सोडा, कमाल बघा.

आमच्या बाकीच्या चुकाही याच्याच पोटातल्या. दिल्लीचा हिवाळी दिवस सकाळी दहाला उघडतो आणि पाचला मिटतो. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्योदयच सव्वासातला, आणि डिसेंबरात साडेपाचला अंधार. आम्ही आखणी केली होती सकाळी सहा ते रात्री दहाची.

भल्या पहाटेचं विमान

"पहिलं विमान घेऊ, अख्खा दिवस हातात राहील." हे वाक्य माझंच होतं, नवऱ्यावर ढकलायची सोय नाही. मुंबईहून पहाटेचं विमान, आठला दिल्ली. प्रत्यक्षात आम्ही नऊ वाजता जयपूरच्या धावपट्टीवर, विमानातच, पट्टा बांधून बसलो होतो. दिल्लीत धुकं होतं आणि आम्हाला तिकडे वळवलं होतं. हॉटेलवर पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन.

दिल्लीत कॅट-३ बी नावाची यंत्रणा आहे. धावपट्टीवर ५० मीटरपर्यंत दिसत असलं तरी तिच्या मदतीनं उतरता येतं. पण विमानात तशी उपकरणं हवीत आणि वैमानिकाचं तसं प्रशिक्षण झालेलं हवं. दोन्ही असलं तरी विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, म्हणजे रांग लागतेच. धुकं दाट असतं ते मध्यरात्रीपासून सकाळी नऊ-दहापर्यंत. तेव्हा दुपारी बारा ते चारच्या दरम्यान उतरणारं विमान घ्या. विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान यांतलं एक मागता येतं. हवामानामुळे झालेल्या खोळंब्याची वेगळी भरपाई मात्र मिळत नाही, तेव्हा काउंटरवर घसा कोरडा करू नका.

रेल्वेनं जाणाऱ्यांनी परतीची काळजी जास्त घ्यावी. येणारी गाडीच उशिरा पोहोचली की तीच पुढे परतीला लावतात, आणि उशीर साखळीसारखा ओढला जातो. तुम्ही जिथून चढणार तिथून गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि जायचं नसेल, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे मिळतात. आणि काही झालं तरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसची मीटिंग ठेवू नका.

ताजमहालावरचा सूर्योदय

ही चूक जोडप्यांची खास. पहाटेच्या गुलाबी उजेडात ताज, समोर आपण दोघं. आम्ही पहाटे साडेतीनला गाडी सांगितली. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा यमुना द्रुतगती मार्ग १६५ किलोमीटरचा, एरवी सुसाट. त्या पहाटे बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. ड्रायव्हरनं चारही इंडिकेटर लावले, काच अर्धी खाली केली आणि मान बाहेर काढून पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून गाडी हाकली. मध्येच एका ट्रकची लाल बत्ती एकदम हातभर अंतरावर उगवली. नवरा एरवी गाडीत बसला की पाचव्या मिनिटाला घोरतो. त्या दिवशी त्यानं माझा हात आग्र्यापर्यंत सोडला नाही, आणि त्यात रोमँटिक काही नव्हतं.

आत पोहोचलो साडेआठला. ताजमहाल नव्हता. म्हणजे असणारच, पण समोर होती फक्त पांढरी भिंत, आणि "सर, इधर से फोटो अच्छा आयेगा" म्हणणारे फोटोग्राफर. साडेदहाच्या पुढे आधी घुमटाचं टोक दिसलं, मग मिनार. तोवर आमच्या बोटांना मोबाइलचं बटण दाबवत नव्हतं.

याच रस्त्यावर हिवाळ्यात वेगमर्यादा शंभरवरून पंचाहत्तरवर आणतात, आणि धुक्यात एकामागोमाग एक गाड्या आदळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तेव्हा रस्त्यानं जायचंच तर दहानंतर निघा आणि रात्र आग्र्यातच काढा. एका दिवसात उरकायचं असेल तर गतिमान एक्स्प्रेस बरी. हजरत निजामुद्दीनहून आठच्या सुमारास सुटते आणि पावणेदोन तासांत आग्रा छावणीला सोडते. धुक्यात तीही रेंगाळते, पण निदान मान बाहेर काढून कोणी चालवत नाही. ताज बघा दुपारी एक ते चार. आणि शुक्रवार टाळा, त्या दिवशी ताज बंद असतो.

हेच पानिपतचं. दिल्लीहून नव्वदेक किलोमीटर, आणि १४ जानेवारीला मराठी माणसं तिथे मुद्दाम जातात. तोच काळ दाट धुक्याचा, तेव्हा पहाटे निघायचा हट्ट नको. काला अंबच्या मैदानात स्वेटरावर जॅकेट घालून कुडकुडत उभं राहिलं की १७६१ च्या त्या सकाळी उपाशीपोटी उभं राहिलेल्यांच्या अंगावर काय असेल, हा विचार आल्याशिवाय राहत नाही.

रविवारी पोहोचून सोमवारी फिरणं

लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय: सोमवारी सगळ्यांना कुलूप. सरोजिनी नगरचा बाजारही बंद. सोमवार हातात आलाच तर कुतुबमिनार, हुमायूनची कबर, सफदरजंगची कबर आणि लोदी गार्डन धरा. चांदणी चौकातली बरीच दुकानं रविवारी बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

एकच जाडजूड जॅकेट

आम्ही निघण्याआधी दोघांना दोन महागडी जॅकेटं घेतली आणि आत साधे टी-शर्ट. मेट्रोत शिरलं की घाम, बाहेर पडलं की तोच घाम गार. दिल्लीकर उलटं करतात. आत अंगाला चिकटलेला 'इनर', वर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं काहीतरी. एकेक थर काढता-घालता येतो. इनर तिथेच घ्या, करोल बागेत किंवा लाजपत नगरात आपल्याकडच्यापेक्षा निवड जास्त असते (दोन्ही बाजार सोमवारी बंद).

पायांकडे कोणी बघत नाही. बंगलासाहिब गुरुद्वारात चपला-बूट तर काढावे लागतातच, शिवाय दाराशी पाय धुवायला पाण्याची उथळ चर असते, तिच्यातून चालत जायचं. आम्ही गेलो रात्री आठला. पुढचा संगमरवर तळपायाला अक्षरशः चावत होता. दुपारी ऊन असताना जा आणि मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत ठेवा. लंगरची गरम डाळ-रोटी मात्र कुठल्याही वेळी चुकवू नका. पंगतीत मांडी घालून बसलो, वाढणाऱ्यानं ओंजळीत रोटी दिली, आणि तिच्या उबेनंच आधी हात शेकून घेतले.

खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका. पंचविसाच्या खाली ते गोठतं. तिथे पाच दिवस आमची बाटली पांढऱ्या दगडासारखी आरशासमोर उभी होती. व्हॅसलीन न्या.

'खोलीत एसी आहे ना' म्हणून निर्धास्त राहणं

दिल्लीतल्या मधल्या दरांच्या हॉटेलांत एसी असतो तो मे महिन्यासाठी. गरम हवा देणारा असेलच असं नाही. रूम हीटरचे वेगळे पैसे लावणं ही तिथली सर्रास पद्धत. बुकिंग करतानाच विचारा: हीटर आहे का, किती पैसे, गरम पाणी चोवीस तास की सकाळी दोनच तास, आणि खोलीला खिडकी आहे का. रजई माणशी एक मागा. ही सूचना किरकोळ वाटेल, पण एका रजईत दोघं झोपले की पहाटे चार वाजता ओढाओढ होते आणि सकाळचा चहा अबोल्यात जातो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. थंडी फार वाटते म्हणून कोळशाची शेगडी, तिथे तिला अंगीठी म्हणतात, बंद खोलीत घेऊन झोपू नका. कोणी प्रेमानं आणून दिली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात यात माणसं जातात. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर झरोका उघडा आहे ना ते बघा. आंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, तर ताबडतोब बाहेर या.

सकाळचा फेरफटका

नवऱ्याला रोज पाच किलोमीटर चालायची सवय. पहिल्याच सकाळी सहाला लोदी गार्डनात गेला आणि घसा धरून परत आला. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वरची उबदार हवा झाकणासारखी. गाड्यांचा धूर, धूळ सगळं त्या झाकणाखाली अडकतं. धुक्यात धूर मिसळून होतं ते धुरकं. ऊन चढलं की झाकण थोडं उचललं जातं. म्हणजे आपल्याकडे जी वेळ आरोग्याची, ती तिथे सगळ्यात वाईट. चालायचंच तर दुपारी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं ॲप आहे, त्यात हवेचा निर्देशांक दिसतो. दोनशेच्या पुढे खराब, तीनशेच्या पुढे अतिखराब, चारशेच्या पुढे गंभीर. कापडी मास्क इथे शोभेचा, एन-९५ घ्या. दोघांपैकी एकालाही दमा असेल तर डॉक्टरांशी बोलून जा, पंप हातातल्या पिशवीत ठेवा, आणि खरं सांगायचं तर सहल फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यावर ढकला. स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी एक बघावं: हवा फार बिघडली की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी निकष) गाड्यांना बंदी घालतात.

सकाळी बाहेर पडायचंच तर एकाच गोष्टीसाठी, दौलत की चाट. नावावर जाऊ नका, तिखट-आंबट काही नाही. दूध घुसळून काढलेला फेस, वर केशर, खवा आणि भुरा साखर. चमचा लावला की हाताला वजन लागत नाही, जिभेवर ठेवला की नुसता गोडवा उरतो. ही फक्त थंडीत मिळते, कारण उन्हात फेस बसतो. चांदणी चौकात किनारी बाजाराच्या बाजूला मोठ्या थाळीवर जाळी घालून विक्रेते उभे असतात. सावकाश अकराला गेलात तरी चालतं. तिथे गाडी न्यायचा विचार सोडा, मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे. मेट्रोनं जा.

आणि मेट्रोत पहिल्या डब्यात जोडीनं चढू नका. तो बायकांचा. माझ्यामागोमाग नवरा शिरला आणि एका आजींनी त्याला "भैया, पीछे" इतक्या शांतपणे सांगितलं की तो पुढच्याच स्टेशनावर उतरला. मी बसून राहिले, सीट मिळाली होती. विमानतळाची मेट्रो घेतानाही तिकिटावर टर्मिनल बघा. टी-३ ला एअरपोर्ट एक्स्प्रेस जाते, टी-१ ला मजेंटा लाइन, आणि दोन्ही एकमेकांपासून चांगली लांब आहेत.

तारखा

३१ डिसेंबरच्या रात्री कॅनॉट प्लेसला जायचा बेत असेल तर सोडा. संध्याकाळपासून वाहनं बंद करतात, आणि राजीव चौक स्टेशनातून बाहेर पडायचे दरवाजेही रात्री बंद केले जातात. १ जानेवारीला इंडिया गेटवर सारी दिल्ली लोटते. १५ जानेवारीनंतर प्रजासत्ताक दिनाच्या तालमी, कर्तव्यपथ मधूनमधून बंद, लाल किल्ला बंद, आणि काही दिवस सकाळी विमानांची ये-जाही थांबवतात. १० डिसेंबरच्या आसपासचा आठवडा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. धुकं अजून रोजचं झालेलं नसतं आणि हॉटेलंही नाताळाच्या दरांवर गेलेली नसतात.

परतताना गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत वडी) घ्या, पण सामानात टाकू नका, चुरा होतो. आणि विमानतळावरच बाथरूममध्ये जाऊन इनर उतरवा. आम्ही आळस केला. मुंबईला उतरलो तेव्हा बाहेर एकतीस अंश होते, टॅक्सीच्या रांगेत पुढे चाळीस माणसं, आणि नवरा जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून उभा, कारण आत नुसता इनरच होता.