कॉर्न डिप पाणचट होतंय? या चुका टाळा

मेक्सिकोत रस्त्यावरच्या गाड्यांवर 'एस्कितेस' मिळतं. मक्याचे दाणे, मेयोनीज, कोतिहा चीज, तिखट आणि लिंबू, सगळं ग्लासात, चमच्याने खायचं. हेच अख्ख्या कणसावर थापलं की 'एलोते'. आपण करतो ते डिप याच चवीचं, फक्त जास्त मलईदार. कृती सोपी आहे, म्हणूनच लोक ती घाईत बिघडवतात.

पहिली चूक, आणि माझ्या मते ऐंशी टक्के डिप हिच्यामुळेच वाया जातात: ओला मका. आमच्या भिशीत एका मैत्रिणीने फ्रोझन स्वीट कॉर्नची पिशवी तशीच कढईत ओतली, वर झाकण ठेवलं आणि गप्पा मारायला बाहेर आली. दाणे आपल्याच पाण्यात शिजले. तशा गरम दाण्यांत तिने मेयोनीज आणि साधं दही घातलं. पानं मांडेपर्यंत वाडग्यात खाली पाणी, वर तेलाचा तवंग. मग घट्ट व्हावं म्हणून कॉर्नफ्लोअर लावून पुन्हा गॅसवर चढवलं, तर थेट खळ तयार झाली! नाचोज शेवटी सगळ्यांनी चटणीबरोबर खाल्ले.

तर, फ्रोझन दाणे आधी पूर्ण वितळू द्या आणि फडक्यावर पसरून कोरडे करा. बिडाचा तवा चांगला कडक तापवा, चमचाभर तेल, दाण्यांचा एकच थर. आणि हलवू नका. सारखा उलथनं फिरवायचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांनी हात मागे बांधावेत. तळाला काळे डाग पडले की एकदा परता. दाणे तडतडून उडतात, म्हणून वर जाळी धरा. झाकण ठेवलंत तर वाफ कोंडून पुन्हा पाणीच. भाजलेला मका पूर्ण गार झाल्याशिवाय मेयोनीजला हात लावायचा नाही. पंधरा मिनिटं थांबवत नसेल तर बाजारातून डबाबंद डिप आणा, मी नाव ठेवणार नाही. (ठेवेन.)

साध्या दह्याऐवजी चक्का. तीन वाट्या दाण्यांना पाव वाटी चक्का आणि पाव वाटी मेयोनीज मला पुरतं.

मक्याबद्दल अजून एक. मेक्सिकोतल्या गाड्यांवर बहुधा पांढरा, पिठूळ मका असतो, आपल्या गावठी कणसाच्या जवळचा. स्वीट कॉर्नचं डिप म्हणूनच गोडमिट्ट लागतं. मी पावसाळ्यात निम्मे गावठी दाणे घेते. ते आधी मिठाच्या पाण्यात उकडून, निथळून, वाळवून मगच भाजते. मिळाले नाहीत तर लिंबू वाढवा.

लिंबू आपलं कागदीच. मेक्सिकन लाइम म्हणतात ते हेच फळ, त्यामुळे महागडी पिवळी लिंबं आणायची काहीच गरज नाही. रस अगदी शेवटी.

चीजचं काय? प्रोसेस्ड क्यूब किसू नका, ही माझी हात जोडून विनंती. कोतिहा हे मिचोआकान राज्यातल्या कोतिहा गावचं, खारट, भुरभुरीत आणि सहसा न वितळणारं चीज. त्याचं काम दाण्यांमध्ये खारे कण पेरायचं, तार काढायचं नाही. फेटा चीज त्याच्या सगळ्यात जवळचं. पनीर वापरायचं तर कुस्करून, सढळ मीठ लावून तासभर फ्रीजमध्ये उघडं ठेवा.

चाट मसाला नको. बेडगीचं तिखट चालतं. धुरकट चव हवी तर चिपोत्ले, म्हणजे धुरी देऊन वाळवलेली हालापेन्यो मिरची.

मीठ चीज घातल्यावर, चव बघूनच.

उरलेलं डिप गरम करू नका, मेयोनीज फुटतं. फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थंडच, पोळीत गुंडाळून डब्याला न देता घरीच खा.