बोर्निओची रानटी बेट्टा घरच्या टाकीत सांभाळताना

बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडील कालिमांतान भागातल्या उथळ, पानांनी भरलेल्या जंगली ओहोळांत राहणारी बेट्टा अल्बिमार्जिनाटा ही माशाची जात दुकानातल्या लांब शेपटीच्या फायटर माशापेक्षा स्वभावाने बरीच शांत आहे. त्यामुळे नर-मादीची जोडी सुमारे ४५ लिटरच्या टाकीत एकत्र ठेवता येते.

खरी मेहनत पाण्यावर घ्यावी लागते. बोअरचे जड पाणी या माशांना मानवत नाही, म्हणून आरओच्या पाण्यात साठवून मुरवलेले नळाचे पाणी थोडे मिसळून पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा अंक) ५ ते ६.५ आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस राखावे. देशी बदामाची गळून पडलेली, फवारणी न झालेली सुकी पाने धुऊन तळाशी पसरावीत. पाणी चहाच्या रंगाचे झाले तरी ते बदलण्याची घाई करू नये. आम्लयुक्त पाण्यात गाळणीतील उपयुक्त जिवाणू मंद काम करतात, त्यामुळे आठवड्याला थोडेथोडेच पाणी बदलणे आणि बेताचे खाणे देणे श्रेयस्कर.

स्पंज फिल्टरचा प्रवाह मंद असावा. झाकण मात्र घट्ट हवे, कारण हे मासे इवल्या फटीतूनही उडी मारतात.

खाण्यासाठी आर्टेमिया व मॉइना हे पाण्यातले बारीक जीव किंवा डासांच्या अळ्या द्याव्यात. विणीनंतर नर अंडी तोंडात धरून साधारण दोन आठवडे उपाशी राहतो. त्या काळात त्याला जाळीने हलवल्यास तो अंडी गिळून टाकण्याची शक्यता असते.