कव्हर्सचा पहिला गिग: आधी गायक, मग बाकी सगळे

कॉर्ड पाठ आहेत, सोलो मूळ रेकॉर्डिंगच्या जवळ पोहोचलाय, तरीही छोट्या जागेतल्या पहिल्या गिगला (कार्यक्रमाला) गाण्याचा एक शब्द समोर कळत नाही. कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवणाऱ्या नव्या बँडचं असंच होतं आणि बहुतेक वेळा त्याचं कारण गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, म्हणजे अ‍ॅम्प असतो.

अ‍ॅम्प जमिनीवर, वाजवणारा त्याच्या दोन पावलं पुढे. १२ इंची स्पीकरमधून ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण सूर) अरुंद झोतासारखा सरळ जातो. तो आदळतो गुडघ्यांवर, कानापर्यंत येतो तो बोथट आवाज. म्हणून वाजवणारा ट्रेबल वाढवतो, मग व्हॉल्यूम. पहिल्या रांगेत तोच झोत सुईसारखा घुसतो. आता ड्रमर जोरात मारतो, बास चढतो, गायक मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) वाढवायला सांगतो आणि माइक शिट्टी मारायला लागतो. साउंडवाल्याने गिटारचा फेडर (मिक्सरवरचा आवाजाचा सरकता खटका) पार खाली नेला तरी उपयोग नाही, कारण आवाज थेट अ‍ॅम्पमधूनच येतोय.

अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून स्वतःच्या डोक्याकडे रोखा. साउंडचेकची सुरुवात गायकाच्या माइकपासून करा. त्याचा आवाज वाढवत न्या, शिट्टी सुरू होते त्याच्या जरा खाली थांबा. बाकी सगळ्यांची मर्यादा तीच. मग ड्रम, बास, शेवटी गिटार. शब्द बुडाले की गिटार खाली, यावर वाद नको. गिटार हरवली तर मिड (मधले सूर) वाढवा. घरी मिड काढून छान वाटणारा टोन बास आणि झांजांमध्ये नाहीसा होतो.

‘अ‍ॅम्प व्हॉल्यूम दहावर नेल्याशिवाय खुलत नाही’ म्हणणारे अनुभवी लोक भेटतील. छोट्या खोलीसाठी हा सल्ला देणाऱ्याला गुरू करू नका. १०० वॅटच्या जागी १० वॅटचा अ‍ॅम्प पुरेल, कानाला आवाज साधारण निम्माच वाटतो.

कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणारा) माइक मागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या शेपटीसमोर ठेवा. जाळी मुठीत धरली की हा गुण जातो. घूं आवाज आला तर सगळी उपकरणं एकाच सर्किटवर घ्या. अर्थिंगची पिन कधीही काढू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो.

गाणी निवडताना घाबरू नका. गायकाला झेपत नसेल तर पट्टी एक-दोन सूर उतरवा, कुणी हरकत घेत नाही. ‘बोहेमियन रॅप्सडी’चा ऑपेराचा भाग स्वतः क्वीन बँडसुद्धा स्टेजवर टेपवरून वाजवायचा. स्टुडिओत हळूहळू विरत संपणाऱ्या गाण्यांचा शेवट मात्र आधीच ठरवा. ‘होटेल कॅलिफोर्निया’ त्यातलंच. किती फेऱ्या, कुणाच्या इशाऱ्यावर थांबायचं, हे तालमीत पक्कं करा. ट्रॅक लावून वाजवण्याची सवय असेल तर नेमकं इथेच अडतं.

रिकाम्या खोलीत कर्कश वाटलेला आवाज माणसं भरली की बराच मऊ होतो. त्यामुळे पहिलं गाणं सोपं, सोलो नसलेलं ठेवा. तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी उभा असलेला मित्र शब्द कळतात की नाही ते खुणेने सांगेल.