परदेशात मृत्यू झाल्यास पार्थिव विमानाने गावी कसे आणावे

परदेशात माणूस गेला की घरून पहिला प्रश्न येतो, "कधी आणताय?" याचे उत्तर कागदांच्या क्रमावर ठरते आणि विमानाचा नंबर त्यात सगळ्यात शेवटी लागतो. दुःखाच्या भरात लोक उलटे करतात. आधी तिकिटाची चौकशी, आधी नातेवाइकांना अंत्यविधीची वेळ, आणि मग लक्षात येते की पोलिसांचा कागदच अजून हातात नाही. इथे दुबई ते महाराष्ट्र हा प्रवास डोळ्यांपुढे ठेवून लिहितो, कारण कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे तिकडे नोकरीला आहेत. सौदी, कतार, कुवेतमध्येही कामाची दिशा हीच असते; कार्यालये आणि नियम मात्र वेगळे.

आधी दोन माणसे ठरवा

तिथे एक आणि इथे एक. सगळे कागद, सगळे फोन या दोघांमार्फतच. मामा एका एजंटाशी बोलतोय, मेहुणा कंपनीशी, गावचा सरपंच आमदारांशी, असे झाले की चार ठिकाणी चार वेगळ्या सूचना जातात आणि कोणाच्याच हाती काही लागत नाही. इथल्या माणसाचे पहिले काम म्हणजे वारसाचे संमतिपत्र. पत्नी, आईवडील किंवा सज्ञान मूल यांनी लिहून द्यायचे की पार्थिव भारतात पाठवावे आणि तिथे अमुक व्यक्तीला कागदपत्रे करण्याचा अधिकार आहे. ते नोटरीकडून साक्षांकित करून घ्या आणि स्वच्छ स्कॅन करून त्याच दिवशी पाठवा.

आणायचेच का, हेही त्याच बैठकीत शांतपणे विचारून घ्यावे. दुबईत जेबेल अलीला हिंदू स्मशानभूमी आहे, मुस्लिम कुटुंबांना तिथे दफनाची सोय आहे. अपघातात देहाची अवस्था पाहण्यासारखी उरली नसेल, तर तिथेच विधी करून अस्थी आणणे घरच्यांना कमी क्लेशाचे जाते. पण आईला मुलाचे तोंड एकदा पाहायचे असेल, तर तो हट्ट म्हणून उडवून लावू नये. निर्णय वारसाचा, आणि तो एकदाच घ्यायचा. संमतिपत्रात तोच लिहायचा असतो.

कागद या क्रमाने करा

१. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर रुग्णालय मृत्यूची सूचना देते. खोलीवर किंवा कामाच्या जागी झाला असेल तर आधी पोलिसांना कळवावे लागते आणि देह न्यायवैद्यक तपासणीसाठी जातो. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर तपास होईपर्यंत थांबण्याला पर्याय नाही. इथे कोणाची ओळख चालत नाही आणि चालवायला जाऊही नये.

२. पोलिसांची एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, घ्या. पोलिसांचा अहवाल अरबीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतरही करून घ्या.

३. तिथल्या आरोग्य खात्याकडून मृत्यूचा दाखला घ्या.

४. भारतीय वकिलातीत जा. मूळ पासपोर्ट, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, संमतिपत्र हे सगळे इथे लागते. वकिलात मृत्यूची नोंद करते, पासपोर्ट रद्द करते आणि पार्थिव भारतात नेण्यासाठी एनओसी देते. रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत पुढे विमानतळावर लागणार आहे, ती वेगळी ठेवा.

५. त्यानंतर एम्बामिंग. दुबईत हे काम मुहैस्ना भागात होते, आपली माणसे त्या भागाला सोनापूर म्हणतात. रक्तवाहिन्यांमधून फॉर्मालिन मिसळलेले द्रावण सोडतात, त्यामुळे देह कुजण्याची क्रिया बरीच मंदावते. त्याचे प्रमाणपत्र मिळते. ते नसेल तर विमान कंपनी पेटीला हातसुद्धा लावत नाही. देह शवपेटीत ठेवण्याआधी तिथल्या माणसांना दर्शन घेता येते. घरी व्हिडिओ कॉलवर दाखवायचे असेल तर आधी तिथल्या कर्मचाऱ्यांची परवानगी घ्या, आणि इकडे फोन कोणाच्या हातात आहे, बाजूला लहान मुले आहेत का, हे विचारा.

नाव एकदा नव्हे, प्रत्येक कागदावर तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडे पासपोर्टवर बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे नाव मिळून एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असते. रुग्णालयाच्या कागदावर नुसतेच पहिले नाव आणि वडिलांचे नाव येते, आडनाव गळते. अरबीतून पुन्हा इंग्रजीत येताना स्पेलिंग बदलते. कंपनीच्या ओळखपत्रावर तिसराच प्रकार. मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे दाखला हातात घेतल्यावर खिडकीसमोरच उभे राहून पाहा. तिथे दुरुस्ती सोपी असते. नंतर मुंबईच्या विमानतळावर, आणि त्याहून पुढे बँकेत आणि तलाठ्याकडे, एका अक्षरासाठी महिने जातात.

खर्च कोणाचा

संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार कामगाराचा मृत्यू झाला आणि कुटुंबाची तशी इच्छा असेल, तर पार्थिव तयार करण्याचा आणि मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. हे कंपनीला लेखी विचारा. "बघतो" हे उत्तर तोंडी घेऊ नका. कंपनी बंद पडली असेल, माणूस व्हिसा संपून राहिला असेल किंवा कुटुंबाची ऐपत नसेल, तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. २००९ साली सुरू झालेल्या या निधीतून गरजू भारतीयांचे पार्थिव आणण्याचा खर्च करता येतो. अर्ज वकिलातीतच करायचा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवून ठेवली तर पाठपुरावा सोपा होतो.

आखातातून येणाऱ्या पार्थिवाचे भाडे पूर्वी किलोवर आकारले जाई. माणसाला तराजूत घालतात ही गोष्ट लोकांच्या फार जिव्हारी लागायची. जानेवारी २०१९ मध्ये एअर इंडियाने अमिरातीतून येणाऱ्या पार्थिवासाठी सरसकट १,५०० दिरहम, आणि बारा वर्षांखालील मुलांसाठी ७५० दिरहम असा दर ठरवला. आजचा दर आणि कोणती कंपनी घेते हे कार्गो कार्यालयातून ताजे विचारूनच घ्या. एजंटाने सांगितलेल्या रकमेत पेटी, अँब्युलन्स, एम्बामिंग आणि भाडे वेगवेगळे लिहून मागा.

विमान कसे निवडावे

शवपेटी प्रवासी विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात जाते. पण तिची नोंद कार्गो म्हणून होते, त्यामुळे प्रवासी तिकिटाच्या खिडकीवर तिचे बुकिंग होत नाही. कार्गो विभाग जो एअरवे बिल (माल विमानाने पाठवल्याची पावती) क्रमांक देतो, तोच खरा. तो हातात येईपर्यंत गावी अंत्यविधीची वेळ सांगू नका. सोबत येणाऱ्या माणसाचे तिकीट मात्र नेहमीसारखे वेगळे काढायचे, शक्यतो त्याच विमानाचे.

थेट विमान घ्या. वाटेत विमान बदलायचे असेल तर पेटी मागे राहण्याची शक्यता वाढते, आणि तिसऱ्या देशाचे नियमही लागू होतात. मुंबईहून पुढे लहान विमानाने कोल्हापूरला न्यायचा विचार असेल, तर त्या विमानाच्या कप्प्यात पेटी मावते का, हे आधी विचारा. बहुतेक वेळा मुंबईहून अँब्युलन्सच बरी. सावंतवाडी, वेंगुर्ले, बांदा इकडच्या कुटुंबांना गोव्याचा मोपा विमानतळ मुंबईपेक्षा खूप जवळ पडतो. तिथे पार्थिव उतरवून घेतील का, याची खात्री विमान कंपनीच्या कार्गोकडून आणि विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाकडून करून मगच ठरवा.

भारतातली परवानगी

विमानाने पार्थिव आणण्यासाठी १९५४ चे भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम लागू होतात. पेटी हवाबंद असली पाहिजे, आणि प्लेग, अँथ्रॅक्स, यलो फिव्हर अशा रोगांनी मृत्यू झाला असेल तर दहन केल्याशिवाय देह आणता येत नाही. म्हणूनच दाखल्यावर मृत्यूचे कारण स्पष्ट असावे लागते.

पार्थिव येणार आहे हे विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाला आधी कळवून मंजुरी घ्यायची असते. त्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये 'ई-केअर' पोर्टल सुरू केले. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचे प्रमाणपत्र, वकिलातीची एनओसी आणि रद्द पासपोर्टची प्रत असे चार कागद त्यावर चढवायचे. विमान निघण्याआधी मंजुरी आली आहे ना, हे इथल्या माणसाने पाहायचे. कागद मोबाइलने वाकडेतिकडे टिपू नका. शिक्का आणि सही वाचता आली नाही तर पुन्हा मागतात.

उतरल्यावर

मुंबईत पार्थिव प्रवाशांच्या दारातून बाहेर येत नाही. सहारच्या कार्गो टर्मिनलवर जा. सगळे नातेवाईक आगमन कक्षापाशी ताटकळत बसलेले आणि पेटी कार्गोत, हे वारंवार होते. ताबा घेणाऱ्याकडे आधार कार्ड, एअरवे बिलाची प्रत आणि वर सांगितलेल्या सगळ्या कागदांचे दोन संच असावेत. विमान कंपनी, आरोग्य कार्यालय, कस्टम्स अशा नोंदी झाल्या की पेटी मिळते. त्याला काही तास लागू शकतात. पेटीसकट वजन सहज शंभर किलोंच्या वर जाते, म्हणून अँब्युलन्सबरोबर उचलायला चार-सहा माणसे हवीत. चालकाला पेटीची लांबी आधी सांगा.

घरी पेटी बंद खोलीत उघडू नका. फॉर्मालिनने डोळे झोंबतात, म्हणून अंगणात किंवा पडवीत उघडावी आणि पहिली काही मिनिटे लहान मुले व म्हाताऱ्या माणसांना लांब ठेवावे. आतले प्लास्टिकचे आवरण दहनापूर्वी काढावे लागते. ते कोण काढणार, हे घरच्यांच्या गर्दीत ठरवायची वेळ आणू नका.

देशातल्या देशात, आणि अस्थी

दिल्ली किंवा बंगळुरूहून पुणे-नागपूरला आणायचे असेल तर काम हलके असते. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, स्थानिक पोलीस ठाण्याची एनओसी, एम्बामिंगचे प्रमाणपत्र, पेटी नीट सीलबंद असल्याचा कागद, मृत व्यक्तीचे आणि सोबत्याचे ओळखपत्र हे सर्वसाधारणपणे लागते. एम्बामिंगसाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

अस्थी बहुतेक विमान कंपन्या हातातल्या सामानातून नेऊ देतात. सोबत मृत्यूचा आणि दहनाचा दाखला ठेवा. तांब्या-पितळेच्या कलशातून एक्स-रेला आतले दिसत नाही, म्हणून प्रवासापुरता लाकडी किंवा प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि घरी आल्यावर कलशात ठेवा.

नंतरचे कागद

मृत्यू परदेशात झाला असेल तर गावची ग्रामपंचायत त्याचा दाखला देऊ शकत नाही. नोंद वकिलातीत झालेली असते. देशात झाला असेल तर जिथे मृत्यू झाला त्या ठिकाणची नोंद चालते, आणि ती २१ दिवसांत करायची असते. बँक, विमा, सातबाऱ्यावरची वारसनोंद या प्रत्येक ठिकाणी दाखला मागतात, म्हणून जिथे नोंद झाली तिथेच चार-पाच साक्षांकित प्रती करून घ्या. ईसीआर, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागणाऱ्या, पासपोर्टवर गेलेल्या माणसाची प्रवासी भारतीय बीमा योजनेत पॉलिसी असते. अपघाती मृत्यूला दहा लाखांचे संरक्षण आहे. पॉलिसीचा कागद त्याच्या बॅगेत किंवा भरती एजंटाकडे शोधा. सामान येईल तेव्हा यादी करून उघडा, आणि कंपनीकडून शेवटचा पगार व सेवेची थकबाकी लेखी हिशेबासह मागा. हिशेब पटल्याशिवाय "सर्व रक्कम मिळाली" या कागदावर सही करू नका.